घरच्या अभ्यासाला पैसा थोडा, वेळ फार



आपल्या समाजात मुलांच्या शिक्षणासाठी पोटाला चिमटा घेणाऱ्या आईबापांची उणीव नाही. उणीव आहे ती, चिमटा घेऊन वाचवलेला पैसा नेमका कोठे घालावा आणि कोठे घालू नये, हे वेळेवर सांगणाऱ्या माणसाची. मालेगावात आमच्याच नात्यात जे घडले ते आम्ही आज सांगणार आहोत. आमची बहीण व दाजी यांची परवानगी घेऊनच सांगत आहोत. दुसऱ्या घरी तसे घडू नये, एवढाच हेतू.

बहिणीच्या घरी माळ्यावर एक पत्र्याची पेटी आहे. त्या पेटीत एक टॅब, त्याचे चार्जर आणि गुळगुळीत कागदाची आठ जाडजूड रंगीत पुस्तके आहेत. पुस्तकांची पाने अजून एकमेकांना चिकटलेली आहेत. ह्या पेटीची किंमत ३६ हजार रुपये. महिन्याला दोन हजार याप्रमाणे अठरा हप्ते. दाजी यंत्रमागावर बारा तासांची पाळी करतात, बहीण कांड्या भरते. दोघांच्या मजुरीतून घरभाडे, किराणा आणि वीजबिल गेल्यावर हातात काय राहते, हे आमच्या वाचकांना सांगायला नको.

शाळा सुटली कशी

२०२० च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा आमची भाची सातवीत होती. त्या एप्रिल-मे महिन्यांत मालेगावचे नाव रोज वर्तमानपत्रात येत होते. माग बंद, मजुरी बंद, गल्ल्यांना बांबू बांधलेले. शिक्षण मोबाइलवर सुरू झाले. पण घरात मोबाइल एक, आणि काम सुरू झाल्यावर तो दाजींच्या खिशात. सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ हा कार्यक्रम लागे, तो तिने शेजारच्या घरी बसून काही दिवस पाहिला. आठवी अशीच कागदावर पार पडली. ऑक्टोबर २०२१ मध्ये शहरातले वरचे वर्ग पुन्हा भरू लागले, तेव्हा मुलगी आईबरोबर कांड्या भरायला जाऊ लागलेली होती. नववीत नाव घालायचे राहून गेले. कोणी मुद्दाम शाळा सोडवली नाही. आज जाऊ, उद्या जाऊ म्हणता म्हणता दोन वर्षे गेली.

२०२३ च्या उन्हाळ्यात एक एजंट वस्तीत आला. गोड बोलणारा, गळ्यात ओळखपत्र. “शाळेची गरजच नाही, घरबसल्या पूर्ण अभ्यासक्रम,” असे त्याने सांगितले. मुलगी हुशार आहे, तिचे वर्ष वाया घालवू नका, असेही वर म्हणाला. बापाच्या मनात दोन वर्षांची टोचणी होतीच. त्याने अंगठ्याच्या ठशाने आणि मोबाइलवर आलेल्या आकड्यांनी संमती दिली. तो कागद खरेदीचा नसून कर्जाचा होता, हे पहिला हप्ता बँकेच्या खात्यातून आपोआप कापला गेला तेव्हा कळले.

आम्ही जाऊन पेटी उघडून पाहिली. अभ्यासक्रम इंग्रजी माध्यमाचा आणि तोही दुसऱ्याच मंडळाचा. मुलगी सात वर्षे मराठी शाळेत शिकलेली. आम्ही बहिणीला रागाने काही बोललो. ती म्हणाली, “दादा, पोरीच्या भल्यासाठीच घेतलं ना. त्या कागदावर काय लिहिलंय ते इथं कोणाला वाचता येतं?”

आमच्याकडे उत्तर नव्हते. आम्ही चार गल्ल्या पलीकडे राहतो, वाचता येणारे आहोत, आणि दोन वर्षे भाचीच्या शाळेची चौकशी आम्हीही केली नव्हती. वाचता येणाऱ्या नातेवाइकांनी हा दोष आधी स्वतःकडे घ्यावा, मग आईबापांना बोल लावावा.

आधी विचारायचा प्रश्न

“सगळ्यांत चांगला अभ्यासक्रम कोणता?” असे विचारले की उत्तर विकणारा देतो. म्हणून तो प्रश्न बाजूला ठेवून दोन साधे प्रश्न विचारावेत. मुलाला शेवटी कोणती परीक्षा द्यायची आहे? आणि त्याला कोणत्या भाषेतले वाचून समजते? ह्या दोन प्रश्नांची उत्तरे मिळाली की अभ्यासक्रम निवडायचे काम जवळजवळ संपते. ज्या मंडळाची परीक्षा, त्याच मंडळाची पुस्तके, आणि मुलाला समजणारी भाषा. बाकी सर्व वस्तू ऐच्छिक.

आपल्या राज्यात हे पुस्तक फार स्वस्तात मिळते. बालभारती ही संस्था २७ जानेवारी १९६७ रोजी पुण्यात स्थापन झाली. तिची पाठ्यपुस्तके मराठी, उर्दू, हिंदी, इंग्रजी, गुजराती, कन्नड अशा अनेक भाषांत निघतात. किंमत पुस्तकावरच छापलेली असते. इतकेच नव्हे, बालभारतीच्या संकेतस्थळावरून ही पुस्तके मोबाइलवर फुकट उतरवून घेता येतात. ज्या अभ्यासक्रमासाठी आमच्या दाजींनी ३६ हजारांचे कर्ज डोक्यावर घेतले, त्याच इयत्तेचा राज्याचा अधिकृत अभ्यासक्रम त्यांच्या खिशातल्या मोबाइलमध्ये विनामूल्य येऊ शकत होता.

सुभेदार रामजींची दोन पुस्तके

घरी अभ्यास घेणे म्हणजे काहीतरी नवे, शहरी, श्रीमंती खूळ आहे असे कोणी समजू नये. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ हे लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते. मुंबईला आल्यावर परळच्या गिरणी कामगारांच्या वस्तीत डबक चाळीतल्या एका खोलीत हे कुटुंब राहिले. त्या एका खोलीतच स्वयंपाक, निजणे आणि अभ्यास. उशाशी जाते आणि पायाशी बकरी. भीमरावांनी लवकर निजावे, वडिलांनी जागत बसावे आणि रात्री दोनच्या सुमारास मुलाला उठवून अभ्यासाला बसवावे, असा क्रम होता.

इंग्रजी पक्के व्हावे म्हणून रामजींनी मुलाकडून हॉवर्डची इंग्रजी पुस्तके आणि तर्खडकरांची भाषांतर पाठमाला घोटून घेतली. मोजकी पुस्तके, पण पुन्हा पुन्हा. शाळेबाहेरचे एखादे पुस्तक मुलाला हवे झाले आणि पैसे नसले, तर रामजी लग्न झालेल्या मुलींकडून उसने आणत. तेव्हा शिक्षणासाठी कर्ज काढणे ही काही चूक नव्हे. मात्र रामजी ज्यासाठी उसने घेत ते पुस्तक मुलगा खरोखर वाचत असे, आणि तो वाचत असताना बाप जागा असे. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले ते एल्फिन्स्टन हायस्कूलमधून. दिवसा शाळा होतीच; घरचा अभ्यास शाळेच्या जोडीला होता.

टॅब विकणारा माणूस जागत बसण्याचे काम करत नाही. ते घरच्यांनाच करावे लागते, आणि त्याला पैसा लागत नाही.

मूल चौदाच्या आतले असेल तर

आमची पहिली विनंती अशी की, सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला घरी शिकवू म्हणून शाळेतून काढू नका. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याने आपल्या मुलांना जे दिले आहे ते सोडून देणे शहाणपणाचे नाही. सरकारी, महापालिकेच्या व अनुदानित शाळांत आठवीपर्यंतच्या मुलांना पाठ्यपुस्तके मोफत मिळतात, दुपारचे जेवण मिळते.

मूल मध्येच शाळेतून गळाले असेल, तर ह्याच कायद्याच्या चौथ्या कलमाने त्याला वयानुरूप वर्गात प्रवेश मिळतो आणि मागे पडलेल्या अभ्यासासाठी विशेष शिकवणीची तरतूद आहे. दहा वर्षांच्या मुलाला पहिलीत बसवायची गरज नाही. जन्माचा दाखला किंवा आधीच्या शाळेचा दाखला नाही, म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. हे शाळेत जाऊन नम्रपणे, पण ठामपणे सांगावे. एकटे जाऊ नये. विहारातले दोन जाणते सोबत घ्यावेत. आम्हांला हे २०२१ साली सुचले असते, तर भाचीची नववी बुडाली नसती.

चौदाच्या पुढे तीन दारे

मूल चौदाच्या पुढे गेले आणि शाळेत परत जाणे खरोखर शक्य नाही, तेव्हा घरच्या अभ्यासाचा खरा प्रश्न उभा राहतो. अशा मुलांसाठी तीन दारे आहेत.

पहिले दार सतरा नंबरच्या फॉर्मचे. आपल्याकडे हे नाव सर्वांच्या तोंडी आहे. महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळाची दहावी किंवा बारावी खासगी विद्यार्थी म्हणून द्यायची, त्याचा हा अर्ज. मालेगाव नाशिक विभागीय मंडळात येते. अर्ज मंडळाच्या संकेतस्थळावर भरावा लागतो. शाळा सोडल्याचा मूळ दाखला, आधार कार्ड, फोटो आणि चालू मोबाइल क्रमांक तयार ठेवावा. अर्ज भरताना एक संपर्क शाळा निवडावी लागते. तोंडी परीक्षा, प्रकल्प ह्यांचे अंतर्गत गुण त्या शाळेमार्फत मिळतात. म्हणून अर्ज भरून घरी बसू नये. त्या शाळेत महिन्यातून एक फेरी मारावी. प्रश्नपत्रिका नियमित मुलांचीच, परीक्षा तीच. अर्जाची मुदत परीक्षेच्या बरीच आधी संपते, म्हणून पावसाळा सुरू झाला की चौकशीला लागावे. डिसेंबरमध्ये जाग येऊन उपयोग नाही.

दुसरे दार महाराष्ट्र राज्य मुक्त विद्यालयाचे. येथे पाचवी, आठवी, दहावी व बारावी अशा पातळ्यांच्या परीक्षा आहेत. ज्यांची शाळा फार लवकर सुटली, त्यांनी ह्या दाराची चौकशी आधी करावी.

तिसरे दार राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचे. ही संस्था १९८९ पासून चालू आहे व तिचे विभागीय केंद्र पुण्याला आहे. दहावीच्या पातळीला पाच विषय घ्यावे लागतात, मराठी माध्यमही घेता येते. सर्व विषय एकदम द्यावे लागत नाहीत. पाच वर्षांत नऊ संधी मिळतात, आणि सुटलेला विषय पुन्हा द्यावा लागत नाही. कामावर जाणाऱ्या मुलामुलींना हे फार सोयीचे. छापील पुस्तके शुल्कातच येतात. मुलींना तसेच अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांना शुल्कात सवलत असते. त्यासाठी जातीचा दाखला लागतो. बौद्ध झालेल्या अनुसूचित जातींच्या लोकांना केंद्राच्या सवलती १९९० सालच्या दुरुस्तीनंतर मिळू लागल्या. तो दाखला अजून काढलेला नसेल, तर मुलाच्या परीक्षेची वाट न पाहता काढून ठेवावा.

हे दार सोयीचे असले तरी पुस्तके वेगळी आहेत, हे लक्षात ठेवावे. राज्य मंडळाची परीक्षा आणि राष्ट्रीय संस्थेची पुस्तके, अशी सरमिसळ केली तर पैसाही जातो आणि वर्षही जाते. आमच्या बहिणीच्या पेटीत हीच सरमिसळ होती.

आमच्या वहीतला हिशेब

भाची सात वर्षे बालभारतीची पुस्तके वाचलेली. म्हणून आम्ही तिच्यासाठी सतरा नंबर निवडला. त्या वर्षी जो खर्च झाला तो वहीत मांडून ठेवला आहे. आपल्या गावी थोडा कमीजास्त होईल.

दहावीची पुस्तके, बहुतेक जुनी, दोनच नवी : ४२० रुपये.
मोठ्या वह्या एक डझन : ५४० रुपये.
अर्जाचे व परीक्षेचे शुल्क मिळून : १,७०० रुपये.
मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिकांच्या झेरॉक्स : १८० रुपये.
कंपास पेटी, नकाशे, पेन : १५० रुपये.

एकूण २,९९० रुपये. टॅबच्या किमतीत बारा मुले दहावीला बसली असती.

जुनी पुस्तके घेताना मात्र डोळे उघडे ठेवावेत. दहावीची पुस्तके २०१८ साली बदलली. त्याआधीची पुस्तके व गाइडे अजून रद्दीच्या दुकानात पडलेली असतात; ती फुकट मिळाली तरी घेऊ नयेत. २०२५-२६ पासून पहिलीचा अभ्यासक्रम बदलला आहे आणि वरच्या इयत्ताही टप्प्याटप्प्याने बदलत आहेत. दुकानात जाण्याआधी बालभारतीच्या संकेतस्थळावर चालू पुस्तकाचे मुखपृष्ठ पाहावे आणि हातातल्या पुस्तकाशी ताडून घ्यावे. दोन मिनिटांचे काम आहे.

गाइड घ्यावे काय? सर्व विषयांची घेऊ नयेत. मूल ज्या विषयात एकटे अडते, त्या एखाद्या विषयाचे घ्यावे. भाषेच्या विषयांना आता कृतिपत्रिका असते. त्यात पाठ केलेले उत्तर फारसे चालत नाही. उतारा वाचून स्वतःच्या शब्दांत लिहावे लागते. जाडजूड गाइडापेक्षा जुन्या प्रश्नपत्रिका सोडवणे अधिक उपयोगाचे. पुण्याच्या राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने कोरोनाच्या काळात दहावी-बारावीच्या प्रश्नपेढ्या तयार केल्या होत्या. कोणाच्या मोबाइलमध्ये त्या जपून ठेवलेल्या असतील तर सरावाला कामास येतील.

आणि टॅब, ॲप वगैरे? आमचे वैर नाही. पण आधी महिनाभर फुकट साधनांवर अभ्यास करून पाहावा. सरकारच्या दीक्षा ॲपवर पुस्तकातल्या पाठांचे धडे आहेत, त्यांना पैसे पडत नाहीत. महिनाभर मूल नेमाने बसले, तरच पुढचा विचार. नेमाने न बसणारे मूल टॅब आणल्याने बसू लागते, असे आम्ही तरी पाहिलेले नाही.

हप्त्याच्या कागदावर सही करण्यापूर्वी तो कागद घरी मागून घ्यावा व वाचता येणाऱ्याकडून वाचून घ्यावा. जो माणूस कागद एक रात्रही घरी ठेवू देत नाही, त्याच्याशी व्यवहार करू नये. मोबाइलवर आलेला आकडा कोणालाही सांगू नये. फसगत झालीच, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. तेथे तक्रार नोंदवता येते. आम्हांला हे उशिरा कळले. तोवर दाजींचे अकरा हप्ते गेले होते.

अभ्यास घेतला कसा

आता वेळेचा हिशेब. पहाटे पाच ते साडेसहा हा वेळ भाचीचा. तेव्हा गल्लीत नळाची गडबड सुरू व्हायची असते, पण पलीकडच्या कारखान्यातल्या मागांचा खडखडाट चालूच असतो. मालेगावात वाढलेल्या मुलाला त्या आवाजात झोपही लागते आणि अभ्यासही होतो. रात्री आठ ते दहा ती विहारात बसे. घरी दिवा एक आणि माणसे पाच. विहारात ट्यूबलाइट, सतरंजी आणि शांतता. एकटी मुलगी रात्री कशी जाईल, हा प्रश्न आलाच. मग वस्तीतल्या आणखी तीन मुली सोबत बसू लागल्या, आणि त्यांच्या आया पाळीपाळीने दाराशी.

शुक्रवारी माग बंद असतात. तो दिवस आम्ही पेपरचा ठरवला. भाषेचा पेपर ८० गुणांचा, तीन तासांचा; गणिताच्या एकेका भागाचा ४० गुणांचा, दोन तासांचा. घड्याळ समोर ठेवून, मध्ये न उठता. पहिल्या दोन शुक्रवारी तिचे निम्मे पेपर कोरे राहिले. दोन वर्षे हातात पेन धरलेले नव्हते, बोटे दुखत. दिवाळीपर्यंत पेपर पुरा होऊ लागला.

आईला वाचता येत नाही, मग ती अभ्यास कसा घेणार? बहिणीने स्वतःच वाट काढली. संध्याकाळी भाकरी थापताना ती मुलीला म्हणे, “आज काय वाचलंस ते मला सांग. मला समजलं पाहिजे.” मुलगी इतिहासाचा, विज्ञानाचा धडा आईला समजेल अशा बोलीत सांगे. आईला समजले नाही की मुलगी पुन्हा पुस्तक उघडी. मुलीला धडा खरोखर कळला की नाही, हे आईला चुलीपुढे बसून कळत असे. दाजी रविवारी जुनी वही घेऊन आठवड्यात किती पाने लिहिली एवढेच मोजत. त्यांना आकडे येतात. पाने कमी भरली तर ते काही बोलत नसत, फक्त वही परत देत. मुलीला ते पुरे होई.

गणित राहिले

मार्च २०२४ मध्ये परीक्षा झाली. सर्व विषय सुटले आणि गणित राहिले.

निकालाच्या दिवशी घरात चूल पेटली नाही. कोणीतरी म्हणालेच, “एवढं केलं ते कशासाठी?” आम्हांलाही क्षणभर तसेच वाटले. चूक कोठे झाली ते मग उमगले. आठवी-नववीच्या गणिताचा पाया नसताना आम्ही थेट दहावीचे पुस्तक उघडले होते. सातवीपासूनची गणिताची पुस्तके बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट होती. ती आधी दोन महिने करायला हवी होती. आमच्या मागून येणाऱ्यांनी तेवढे ध्यानात ठेवावे.

मंडळाची पुरवणी परीक्षा त्या वर्षी जुलैमध्ये होती. अर्ज भरला. आमच्या वस्तीला लागून राहणाऱ्या एका मुस्लिम विणकर कुटुंबातला मुलगा उर्दू शाळेतून चांगल्या गुणांनी पास झालेला. त्याचे गणिताचे पुस्तकही बालभारतीचेच. आकृत्या त्याच, उदाहरणे तीच, फक्त लिपी निराळी. त्याच्या आईने आपणहून निरोप पाठवला. दीड महिना रोज दुपारी त्यांच्या ओसरीवर दोन पुस्तके शेजारी शेजारी उघडी असत; तो उर्दूतून वाचून हिंदीत सांगे, ही मराठीत लिहून घेई. दोघांची आई समोर कांड्या निवडत बसलेली. जुलैत गणित सुटले.

पुढे तिने अकरावीला नाव घातले. दाजींचे उरलेले हप्ते तोवर चालूच होते.

विहाराचे कपाट

१४ एप्रिलला आणि ६ डिसेंबरला अनेक ठिकाणी हारफुलांऐवजी ‘एक वही, एक पेन’ आणण्याची पद्धत आता रुजली आहे. तिला एक जोड द्यावी, अशी आमची सूचना आहे. प्रत्येक विहारात एक कपाट असावे. परीक्षा झालेल्या मुलाने आपला पुस्तकांचा संच त्यात आणून ठेवावा आणि पुढच्याने तो सही करून न्यावा. कपाटाच्या दारावर आतून एक कागद चिकटवावा : सतरा नंबरच्या अर्जाची त्या वर्षीची मुदत, संपर्क शाळांची नावे, लागणारे दाखले. दरवर्षी जूनमध्ये तो कागद बदलावा. आणि वस्तीत कोणाचे मूल शाळेतून गळाले आहे, ह्याची विचारपूस वंदनेनंतर पाच मिनिटे करावी. आमच्या भाचीची अशी विचारपूस दोन वर्षे कोणी केली नाही. आम्हीही नाही.

आमच्या वस्तीच्या विहारात हे कपाट आता आहे. लाकडी, जुने, एक दार नीट लागत नाही. त्यात पहिला संच भाचीने ठेवला. गणिताच्या पुस्तकात प्रत्येक पानावर समासात तिने पेन्सिलीने खुणा केलेल्या आहेत : कोठे अडले, कोणते उदाहरण आधी करावे. तो संच तीन मुलांच्या हातून फिरला आहे. पेटीतला टॅब अजून माळ्यावरच आहे.